ट्रकचा कॅमशाफ्ट बदलताना: ५.९ लिटर कमिन्ससाठी कॅम, टॅपेट आणि सोबतचे पार्ट कसे निवडायचे

उसाचा हंगाम तोंडावर आला की सोलापुरात इंजिनाची कामं एकदम वाढतात. त्यात "गाडी ओढत नाही, काळा धूर मारते, पंप-नोझल करून झाले" अशी तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्या असतात, आणि त्यातल्या काहींचा दोष कॅमशाफ्टमध्ये, म्हणजे वॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यात, निघतो. मालक घाईत असतो, कारखान्याचा करार झालेला असतो. मग मिळेल तो कॅम आणून टाकला जातो आणि तीन-चार महिन्यांत तोच लोब (कॅमवरचा वॉल्व्ह उचलणारा उंचवटा) पुन्हा घासून जातो. हा लेख टाटाच्या ट्रकमध्ये येणाऱ्या सहा सिलिंडर, बारा वॉल्व्हच्या ५.९ लिटर कमिन्स ६बीटी इंजिनासाठी आहे. बोअर १०२ मिमी, स्ट्रोक १२० मिमी, ५८८३ सीसी. दुसऱ्या इंजिनाला मापं लागू होणार नाहीत, पण निवडीची पद्धत तीच राहील.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. कॅमशाफ्ट हा एकट्याने बदलायचा पार्ट नाही. कॅम आणि टॅपेट (लोबवर बसून त्याची उचल वर पोचवणारा तुकडा) ही एकमेकांवर घासून जमलेली जोडी असते. झिजलेल्या टॅपेटवर नवा कॅम ठेवला तर टॅपेटच्या तोंडावरचे खड्डे नव्या लोबचा कडक थर खरवडून काढतात. बारा टॅपेटचे पैसे वाचवायला गेलेला माणूस पुढे कॅम, टॅपेट आणि मजुरी असं तिन्ही दुसऱ्यांदा भरतो.

यूट्यूबवर अमेरिकन पेट्रोल पिकअपचे व्हिडिओ बघून काही जण "सिलिंडर बंद करणारी सिस्टिम काढून कॅम बदलतात, तसं आपल्या गाडीत करता येईल का" असं विचारतात. जनरल मोटर्सच्या ५.३ लिटर व्ही-८ मध्ये १, ४, ६ आणि ७ या सिलिंडरचे लिफ्टर, म्हणजे आपले टॅपेटच, तेलाच्या दाबाने आतल्या आत दबतात आणि कमी लोडवर ते चार सिलिंडर काम थांबवतात. त्या चार सिलिंडरच्या लोबचा आकार बाकीच्यांपेक्षा वेगळा घासलेला असतो. म्हणून लिफ्टर साधे टाकले की कॅमही साधा टाकावा लागतो. नुसती कॉम्प्युटरमधून सिस्टिम बंद करून भागत नाही. आपल्या डिझेल ट्रकमध्ये ही भानगडच नाही. पण मुद्दा तोच आहे: लिफ्टर ज्या जातीचा, लोब त्याच जातीचा.

दोष कॅमचाच आहे का, हे आधी बघा

कॅम उघडायला खूप काम आहे, म्हणून आधी खात्री करून घ्या. पहिली खूण टॅपेट सेटिंगमध्येच, म्हणजे वॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातला गॅप लावताना, दिसते. थंड इंजिनावर इनलेट ०.२५ मिमी आणि एक्झॉस्ट ०.५१ मिमी गॅप लावलेला असताना दर सर्व्हिसला नेमक्या एकाच वॉल्व्हचा गॅप वाढलेला सापडला, तर त्या वॉल्व्हखालचा लोब किंवा टॅपेट झिजतोय असं समजा. पुशरॉड (टॅपेट आणि रॉकरमधली काठी) वाकल्यानेही गॅप वाढतो, पण तो एकदा सेट केला की पुन्हा इतक्या लवकर वाढत नाही.

दुसरी खूण आवाजाची. एक्झॉस्टचा लोब झिजला की जळालेला वायू पूर्ण बाहेर पडत नाही. इनलेट उघडताच तो मॅनिफोल्डकडे उलटा येतो आणि एअर पाइपमध्ये ठराविक ठेक्यात फटफट ऐकू येते. इनलेटचा लोब झिजला तर हवा कमी पडते आणि धूर काळा होतो. अशा वेळी सर्रास नोझल बदलले जातात आणि धूर तसाच राहतो.

खरं उत्तर डायल गेज देतो. रॉकर कव्हर काढा. या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला वेगळं, अशी सहा कव्हर आहेत. पुशरॉडच्या वरच्या वाटीच्या कडेवर गेजचं टोक सरळ उभं टेकवा. वॉल्व्ह पूर्ण बंद असताना गेज शून्यावर आणा आणि इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून सगळ्यात मोठं रीडिंग लिहून घ्या. बाराही पुशरॉडचं असंच घ्या. मग इनलेटची इनलेटशी आणि एक्झॉस्टची एक्झॉस्टशी तुलना करा. एखादा बाकीच्यांपेक्षा पाव मिलिमीटरने कमी भरला, तर कॅम बाहेर काढायलाच हवा. टोक तिरपं बसलं तर रीडिंग खोटं येतं, त्यामुळे संशयित पुशरॉडचं माप पुन्हा एकदा घ्या.

जुना कॅम का गेला?

हा प्रश्न सोडून नवा कॅम मागवू नका. ऑइल फिल्टर कापून घडी उलगडा आणि उन्हात धरा. चमकणारा बारीक चुरा दिसला, तर तो तेलाबरोबर क्रँकच्या मेन आणि बिग एंड बेअरिंगकडेही गेलेला असतो. तेव्हा चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उतरवून निदान एक मेन आणि एक बिग एंड उघडून बघा. बेअरिंगवर चुरा रुतलेला असेल, तर हे काम फक्त कॅमचं राहिलेलं नाही, आणि ते मालकाला खर्च ठरवण्याआधीच सांगायला हवं.

डिपस्टिकवर तेल पातळ लागतंय आणि डिझेलचा वास येतोय? मग नोझल गळतोय किंवा फीड पंपाचं डिझेल तेलात उतरतंय. पातळ झालेलं तेल लोब आणि टॅपेटमधला थर धरून ठेवू शकत नाही. बांधावरच्या आणि शेतातल्या कच्च्या रस्त्याने ऊस भरून येणाऱ्या गाडीत धूळ हे मोठं कारण असतं. एअर फिल्टरनंतरच्या होजची क्लिप सैल असेल, तर आत गेलेली माती पिस्टन-लाइनरसोबत कॅमही खाते. होजच्या आत बोट फिरवा. बोटाला बारीक माती लागली, तर तिथेच थांबून ती गळती आधी बंद करा.

तुळजापूर घाटातून भरलेली गाडी चुकीच्या गिअरमध्ये सोडली की इंजिन त्याच्या मर्यादेबाहेर फिरतं, वॉल्व्ह तरंगतात, पुशरॉड वाकतात आणि टॅपेट लोबवर आपटतो. लोबच्या टोकाला ठोकल्यासारखे ठसे दिसले तर ड्रायव्हरशी बोला. पार्टच्या दुकानात या दोषावर इलाज मिळत नाही.

नंबर प्लेटवरून कॅम मागा, वर्षावरून नाही

निवडीतली सगळ्यात मोठी चूक इथे होते. दुकानात "टाटा सोळाशे तेराचा कॅम द्या" किंवा "२०११ च्या गाडीचा द्या" असं सांगितलं जातं. एकाच मॉडेलच्या नावाखाली टाटाचं स्वतःचं ६९७ इंजिनही आलं आणि कमिन्सही आलं. त्यांचे कॅम एकमेकांत बसतही नाहीत. कमिन्सचं नक्की झालं तरी बारा वॉल्व्हचं जुनं इंजिन आणि चोवीस वॉल्व्हचं इलेक्ट्रॉनिक इंजिन यांचे कॅम वेगवेगळे असतात.

उत्पादनाचं वर्ष तर सोलापुरात आणखी फसवं ठरतं. २०१० साली देशभर बीएस-३ (वाहनाच्या धुराचं सरकारी मानक) आलं, पण निवडक शहरांत बीएस-४ लागू झालं आणि त्या यादीत सोलापूर होतं. बाकी देशात बीएस-४ एप्रिल २०१७ ला आणि बीएस-६ एप्रिल २०२० ला आलं. त्यामुळे त्या काळातली एकाच वर्षाची दोन वाहनं, एक शहरात नोंदलेलं आणि एक बाहेरून विकत आणलेलं, वेगळ्या उत्सर्जन मानकाची असू शकतात. आरसी बुकवरच्या वर्षावरून पार्ट मागणं म्हणजे अंदाजावर चालणं झालं.

इंजिनावर टायमिंग गिअर हाउसिंगपाशी डेटा प्लेट असते. तेल आणि मातीने ती बहुतेक वेळा झाकलेली असते. डिझेलने पुसून तारेच्या ब्रशऐवजी जुन्या कपड्याने साफ करा, नाहीतर अक्षरं जातील. तिच्यावरून दोन गोष्टी घ्या: इंजिनाचा सिरियल नंबर आणि सीपीएल नंबर. सीपीएल म्हणजे त्या इंजिनात कोणता कॅम, कोणता पिस्टन, कोणता टर्बो एकत्र बसवून ते प्रमाणित झालं, त्या पार्टच्या संचाचा नंबर. दोन इंजिनं बाहेरून सारखी असली आणि सीपीएल वेगळा असला, तर कॅमचा आकार वेगळा असू शकतो. प्लेटचा मोबाइलवर फोटो काढा आणि दुकानदाराला तोच पाठवा. फोनवर आकडे वाचून दाखवताना ३ आणि ८ ची अदलाबदल सहज होते.

प्लेटच नसेल किंवा इंजिन दुसऱ्या गाडीतून आणून बसवलेलं असेल, तर जुना कॅम बाहेर काढून त्याच्यावर पाडलेला नंबर वाचल्याशिवाय नवा कॅम मागवू नका. गाडी दोन दिवस जास्त उभी राहील, पण तेवढं थांबाच.

नवा, घासलेला की जुना?

नवा कॅम घ्या, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे. लेथवर लोब पुन्हा घासून घेण्याचा पर्याय स्वस्त वाटतो. पण घासताना लोबच्या वरचा कडक केलेला थर पातळ होतो किंवा निघूनच जातो. शिवाय लोबचा गोल भाग लहान झाल्यामुळे टॅपेट खाली बसतो आणि रॉकरचा सेटिंग स्क्रू जवळजवळ संपेपर्यंत खाली घ्यावा लागतो. कडकपणा मोजायची सोय नसलेल्या ठिकाणी घासलेला कॅम लोड ओढणाऱ्या गाडीत घालू नये.

भंगारातून जुना कॅम घ्यायचाच असेल तर एकाच अटीवर: त्याचे बाराही टॅपेट सोबत मिळाले पाहिजेत आणि कोणता टॅपेट कोणत्या लोबवरचा, हे खूण करून ठेवलेलं पाहिजे. पिशवीत एकत्र टाकलेले टॅपेट नव्या लोबवर जितके घातक, तितकेच जुन्या लोबवर.

कॅमसोबत ही यादी एकाच वेळी मागवा: टॅपेट १२, थ्रस्ट प्लेट (कॅमला पुढे-मागे सरकू न देणारी) १, पुढच्या कॅम बोअरचा बुश १, की (गिअर कॅमवर अडकवणारी पाचर) १, क्रँकचं पुढचं ऑइल सील १, टायमिंग कव्हरचं पॅकिंग, रॉकर कव्हरची पॅकिंग ६, ऑइल फिल्टर आणि पूर्ण तेल. पुशरॉड काचेवर लोळवून बघा, डगमगणारे बदला. कॅम गिअर दात तुटलेले किंवा खाल्लेले असतील तरच नवा घ्या.

काउंटरवर हातात घेऊन काय बघायचं

जुना कॅम पुसून सोबत न्या. दोन्ही कॅम टेबलावर शेजारी ठेवा, दोघांच्या कीची खाच वर करा आणि डोळा शाफ्टच्या टोकाशी आणून लांबीने बघा. पहिल्या सिलिंडरचा इनलेट लोब दोन्हीत एकाच दिशेला तोंड करून असला पाहिजे, शेवटच्याचाही तसाच. लोबची दिशा जरा जरी वेगळी दिसली तरी तो कॅम परत द्या, कारण खाच आणि लोबमधला कोन चुकला तर गिअरच्या खुणा जुळवूनही वॉल्व्ह चुकीच्या वेळी उघडतात. फीड पंप ब्लॉकवर बसून कॅमवर चालत असेल, तर त्याचा वेगळा लोब नव्या कॅमवर आहे का, तेही इथेच दिसतं.

मग मायक्रोमीटर लावा. बारा वॉल्व्हच्या ६बीटीमध्ये जर्नलचा (कॅमचा ब्लॉकमध्ये टेकून फिरणारा गोल भाग) व्यास ५३.९६२ मिमीपेक्षा कमी असू नये. लोबच्या टोकापासून समोरच्या पाठीपर्यंतचं कमीत कमी माप इनलेटला ४७.०४० मिमी आणि एक्झॉस्टला ४६.७७० मिमी आहे. हे झिजलेल्या कॅमचे शेवटचे आकडे आहेत. नवा कॅम यांच्या वरच भरायला हवा. नवा म्हणून दिलेला कॅम या आकड्यांना टेकला असेल तर तो नवा नाही. साताही जर्नल मोजा. एकच मोजून सोडू नका.

लोबवर नख फिरवा. कड तुटलेली, टोचल्यासारखे खड्डे, गोडाऊनमध्ये धरलेला गंज, यातलं काहीही असेल तर घेऊ नका. "पॉलिश पेपर मारला की निघेल" हे उत्तर लोबच्या बाबतीत चालत नाही. कॅम दोन व्ही-ब्लॉकवर ठेवून मधल्या जर्नलवर डायल गेज लावता आला तर वाकही कळतो. उभा ठेवून साठवलेला किंवा पार्सलमध्ये आपटलेला लांब कॅम वाकलेला निघू शकतो. बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या. "कॅमशाफ्ट १ नग" एवढंच लिहिलेल्या बिलावर पार्ट बदलून मिळणं कठीण जातं.

काढताना आणि बसवताना कुठे चुकतं

कॅम पुढच्या बाजूने सरळ बाहेर येतो, म्हणून त्याच्या लांबीएवढी मोकळी जागा समोर हवी. रेडिएटर आणि इंटरकूलर उतरवून ती होते का, हे आधी टेपने मोजा. होत नसेल तर इंजिन उतरवूनच काम धरा.

पहिला सिलिंडर टीडीसीवर, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागी, आणा. त्यासाठी गिअर हाउसिंगच्या मागे असलेली टायमिंग पिन कॅम गिअरच्या भोकात शिरते. इंजिन पुन्हा फिरवण्याआधी ती मागे ओढा, नाहीतर तुटून गिअरमध्ये पडते. रॉकर काढताना लक्षात ठेवा की पेडेस्टलचा (रॉकर धरणारा ठोकळा) १२ मिमीचा लांब बोल्ट हेडचाही बोल्ट आहे. बसवताना तो पुस्तकातल्या टॉर्कला, टप्प्याटप्प्याने, पूर्ण कसला गेला पाहिजे. निव्वळ रॉकर धरण्यापुरता आवळला तर पुढे हेड पॅकिंग जातं.

या इंजिनाचे टॅपेट छत्रीच्या आकाराचे आहेत आणि ते खालून, कॅमच्या बाजूने बसतात. वरून ओढून निघत नाहीत. त्यामुळे पुशरॉड काढल्यावर प्रत्येक टॅपेटच्या पोकळीत घट्ट बसणारी लाकडी काठी घाला, टॅपेट वर उचला आणि दोन-दोन काठ्या रबराने बांधून ठेवा. फीड पंप ब्लॉकवर असेल तर तोही आधी उतरवा. मग थ्रस्ट प्लेटचे बोल्ट काढून कॅम हळूहळू फिरवत बाहेर घ्या. ओढाताण केली की लोबची कड बोअरवर ओरखडा पाडते.

टॅपेट काढायला कॅमच्या बोअरमधून लांब पन्हाळ घालावी लागते, तिच्यात टॅपेट पडतो आणि पन्हाळीसकट बाहेर येतो. कंपनीचं हत्यार नसेल तर लांबीने अर्धा कापलेला, बाहेरून ५४ मिमीपेक्षा लहान असलेला पीव्हीसी पाइप हे काम करतो. एक काढा, एक घाला, असं सिलिंडरच्या क्रमाने जा. पन्हाळ नसताना काठी सोडली की टॅपेट थेट चेंबरमध्ये जातो.

पुढचा बुश बदलताना त्याचं तेलाचं भोक ब्लॉकच्या भोकाशी जुळलं पाहिजे. सुमारे ३.२ मिमीची तार आरपार गेली तरच तो बरोबर बसला. भोक अर्धं झाकलं गेलं तर पहिलं जर्नल तेलाविना जळतं आणि दोष नव्या कॅमला दिला जातो.

कॅम गिअर गरम करून बसतो. ओव्हनमध्ये १७७ अंश सेल्सिअसला ४५ मिनिटं, मग खुणेची बाजू बाहेर ठेवून की जुळवून एका दमात सरकवायचा. गॅस टॉर्चने तापवू नका. एका बाजूला निळा पडलेला गिअर मऊ होतो आणि त्याचे दात लवकर जातात.

लोब, जर्नल आणि टॅपेटच्या तोंडाला असेंब्ली ल्युब्रिकंट सढळ हाताने लावा. नुसतं इंजिन ऑइल उभ्या गाडीत निथळून जातं. कॅम आत घेताना क्रँक गिअर आणि कॅम गिअरच्या खुणा जुळवा, पंप गिअरचीही खूण बघा. थ्रस्ट प्लेटचे बोल्ट २४ न्यूटन-मीटरला कसा. त्यानंतर डायल गेजने कॅमचा पुढे-मागे प्ले मोजा, तो ०.१५ ते ०.२५ मिमीच्या आसपास हवा. गिअरचा बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) ०.०८ ते ०.३३ मिमीच्या आत असावा. टायमिंग कव्हरचं सील बसवताना सवयीने तेल लावलं जातं. इथे उलट करा: सीलचा ओठ आणि क्रँकचा भाग दोन्ही पूर्ण कोरडे आणि स्वच्छ ठेवा, नाहीतर सील पहिल्या आठवड्यातच गळायला लागतं.

टॅपेट सेटिंग दोन टप्प्यांत होतं. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर असताना १, २, ४ चे इनलेट आणि १, ३, ५ चे एक्झॉस्ट लावा. क्रँक एक पूर्ण फेरा फिरवून ३, ५, ६ चे इनलेट आणि २, ४, ६ चे एक्झॉस्ट लावा. लॉक नट २४ न्यूटन-मीटर. नट कसल्यावर गेज पुन्हा घालून बघा, कारण कसताना स्क्रू थोडा फिरतो.

पहिला स्टार्ट

सीआय-४ दर्जाचं १५डब्ल्यू-४० तेल आणि नवा फिल्टर भरा. टर्बोच्या तेलाच्या पाइपात थोडं तेल ओता. डिझेल बंद ठेवून ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत सेल्फ मारा. एका वेळी जास्तीत जास्त अर्धा मिनिट मारा आणि मध्ये सेल्फ थंड होऊ द्या. डिझेलची हवा आधीच काढून ठेवा, म्हणजे सुरू करताना उगाच रगडावं लागणार नाही.

सुरू झाल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं स्लो आयडलवर सोडून चहाला जाऊ नका. लोबला तेल मुख्यतः क्रँक फिरताना उडून मिळतं आणि कमी फेऱ्यांवर ते कमी उडतं. हजार-बाराशे आरपीएमच्या आसपास, थोडं वर-खाली करत चालू द्या. प्रेशर, गळती आणि आवाज यांवर लक्ष ठेवा. एखाद्या टॅपेटचा टकटक आवाज वाढत चालला तर लगेच बंद करून तो उघडा.

पहिल्या हजार-दीड हजार किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदला, फिल्टर कापून बघा आणि बाराही गॅप थंड इंजिनावर पुन्हा मोजून वहीत लिहा. भर हंगामात गाडी थांबवायला मालक तयार नसतो, म्हणून ही तपासणी काम घेतानाच ठरवून टाका. एखादा गॅप ०.१ मिमीने वाढलेला निघाला तर नुसता स्क्रू फिरवून गाडी सोडू नका. त्या पुशरॉडवर डायल गेज लावून लिफ्ट मोजा आणि आधी लिहून ठेवलेल्या आकड्यांशी ताडून बघा.